बत्ती चमकेपर्यंत

माघ सरत आला की हिंगोलीबाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर नाकाला आधी कळतं, हळद शिजायला लागली. हा वास लग्नातल्या हळदीचा नाही आणि फोडणीच्या हळदीचा तर नाहीच. महिनोन्महिने मातीत दडून राहिलेलं काहीतरी वाफेत उघडं पडावं तसा कच्चट, गोडसर, थोडासा औषधी वास. एसटीच्या खिडकीतून तो आत येतो, शर्टाला चिकटतो आणि घरी परत आल्यावर बायको लांबूनच म्हणते, "गावाकडं जाऊन आलात वाटतं."

यंदा हा वास आला तेव्हा मी घरातच होतो. बायको कपाट आवरत होती. जुन्या स्वेटरांच्या मागून तिने एक रुपेरी डबी बाहेर काढली, हलवून पाहिली आणि विचारलं, "हे डबडं भंगारात टाकू का? नाहीतरी बिघडलेलंच आहे ना?"

मी तिच्या हातून ते घेतलं. म्हणालो, "राहू दे."

तो कॅमेरा कधी बिघडलाच नव्हता. बिघडलेल्या वस्तूतले सेल कोणी जपून काढून ठेवत नाही. मी ठेवले होते, पाझरून आतली पट्टी खराब होऊ नये म्हणून. एवढी काळजी घेणारा माणूस चारचौघांत मात्र सांगत राहिला की बिघडला, कधीचाच.

निवृत्त झालो त्या वर्षी मी तो घेतला होता. उभा जन्म कचेरीत कारकुनी केली, दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले. घरी बसल्यावर हातांना काही काम राहिलं नाही. कळमनुरीच्या बाजारात एका छोट्या दुकानात काचेमागे हा पडलेला दिसला. दुकानातला सगळ्यात स्वस्त. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मनगटाला अडकवायला काळी दोरी, वर एक गोल चकती आणि तिच्यावर बारीक चित्रं. एका चित्रावर चकती ठेवली की फोटो, दुसऱ्यावर ठेवली की शूटिंग, तेही आवाजासकट. दुकानदाराने सगळं दाखवलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून शेवटी सोपं करून सांगितलं, "चाचा, बत्ती चमकी के फोटो हो गया समझो. बाकी कुछ देखनेका नै." दिवसाही बत्ती चमकावी अशी सोय करून दिली. मी तेवढंच लक्षात ठेवलं. शूटिंगच्या चित्राकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

पहिले काही आठवडे मी दिसेल त्याचे फोटो काढले. कायाधूच्या कोरड्या पात्रातली म्हैस, मैलाचा दगड, चहाच्या टपरीवरची किटली, आमच्याच घराचं दार. लोक हसायचे. मलाही कळत होतं की हे पोरकट आहे. पण इतकी वर्षं कोणीतरी समोर ठेवलेले कागद बघितल्यावर, आपण काय बघायचं हे आपणच ठरवण्यात सुख होतं. हळदीच्या दिवसांत तर मी गावाकडेच मुक्काम टाकला. कळमनुरीच्या पुढे, रस्ता सोडून आत, कालव्याच्या पाण्यावरचं आमचं शेत. ते धाकटा भाऊ नामदेव करायचा. आम्ही त्याला नामा म्हणतो.

हळदीच्या दिवसांत गाव पिवळं होतं हे मी लिहिलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. खणणाऱ्या बायांची नखं पिवळी, कुत्र्याचे पाय पिवळे, पाण्याच्या हंड्यावर पिवळी बोटं उमटलेली. भाकरी मोडली तरी कडेला पिवळा ठसा. आमची माय पांढऱ्या मिशांच्या आबांना चिडवायची, "आता नवरदेव दिसून राहिले." आबा ऐकू न आल्यासारखं करायचे आणि हळूच मिशा पुसायचे.

त्या वर्षी नामाने आबांशी भांडून शिजवायची रीत बदलली होती. तोवर आमच्याकडे मोठ्या लोखंडी कढईत हळद शिजे. वर पाला, त्यावर गोणपाट, खाली दिवसभर जाळ. नामाला वाफेचा कुकर आणायचा होता. मधल्या टाकीत पाणी उकळायचं, नळीतून वाफ ड्रममध्ये सोडायची, कच्ची हळद त्या वाफेवर झटपट शिजते. लाकूड कमी लागतं, रंग चांगला राहतो. मात्र लक्ष पाहिजे. वाफेचा कॉक, म्हणजे नळीची तोटी, वेळेवर बंद केला नाही तर हळद गळते, आतून काळी पडते.

आबा म्हणाले, "कढई काय वाईट होती? तिच्यावरच तुमी दोघं शिकले."

नामा म्हणाला, "आबा, कढईवर शिकलो म्हणून कढईतच मरायचं का? एक साल पाहू द्या मला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला साहेब म्हणत. कारकून होतो मी, पण आबांच्या लेखी कचेरीत खुर्चीवर बसणारा तो साहेबच. मी म्हणालो, "पाहू द्या त्याला एकदा." त्या दिवशी नामाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

पहिल्या ड्रमची सकाळ. भाड्याचा कुकर शेताच्या कडेला उभा होता, नामा कॉकवर हात ठेवून. एक ड्रम उत्तम निघाला. त्याने काडी टोचून दाखवली, लोण्यात जावी तशी आरपार गेली, आणि हळकुंड मात्र मोडलं नाही. आबांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला. तोंडावर नाराजी नव्हती. दुसऱ्या ड्रममध्ये वाफ सोडली आणि मला हुक्की आली की हा क्षण टिपावा. बाप, आई, भाऊ आणि मागे नवा कुकर. नामाची बायको शांता चहा आणायला घरी गेली होती. मी म्हणालो, ती येईपर्यंत तिघांचा काढून टाकू.

मायने पदर सारखा केला. आबांनी पागोट्याची टोकं चाचपली. त्यांनी आयुष्यात एकदाच फोटो काढला होता, वसमतला, माझं नाव शाळेत घातलं तेव्हा. काळ्या कापडात डोकं घालून बसलेल्या फोटोवाल्याने तेव्हा दम दिला होता, हललात तर पैसे वाया. ती शिस्त आमच्या घरात मुरलेली. फोटो म्हणजे हात सरळ, हनुवटी वर, श्वास रोखलेला. हसायचं नाही आणि हलायचं तर मुळीच नाही.

नामा कॉक सोडायला तयार नव्हता. "दादा, हे होऊ दे, मग काढ."

"फोटोला काय वेळ लागतो रे? ये, बराबर उभा राहा. बत्ती चमकली की मोकळा."

तो आला. मी कळ दाबली. बत्ती चमकली नाही.

पिशवीत घासून ती गोल चकती शेजारच्या चित्रावर सरकली होती. मला ते दिसलं नाही. मला वाटलं, कॅमेरा विचार करतोय. म्हणालो, "हलू नका, येतेच आहे बत्ती." आणि ते हलले नाहीत. कोणीच नाही. मी बत्तीची वाट पाहत होतो आणि ते तिघं माझी.

मग सेल संपत आले असतील असं वाटून मी खिशात हात घातला, नवे सेल नव्हते. भिंगावर फुंकर मारली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून एक पाऊल बाजूला सरकलो. शेवटी कंटाळून कळ पुन्हा दाबली आणि म्हणालो, "जाऊ द्या, नंतर पाहू." नामा कुकरकडे धावला.

झाकण उघडलं तेव्हा अंगठ्याखाली हळकुंड भाताच्या शितासारखं दबलं. नामाने अंगठा धोतराला पुसला. म्हणाला, "जरा ज्यादा झालं." तोवर शांता चहा घेऊन आली होती, बाया पाट्या घेऊन उभ्या होत्या, आणि तो ड्रम बाकीच्या हळदीतच वाळायला पसरला गेला.

संध्याकाळी गोठ्यामागे बसून मी कॅमेऱ्याचा तो बारका पडदा उघडला, सकाळचं काय झालं ते बघायला. आधी मला वाटलं, फोटो आलाय. तिघं उभे होते. मग मायचा पदर हलला. आबांच्या मिशा वाऱ्याने हलत होत्या. मायच्या गालावर एक माशी बसली, तिने ती उडवली नाही, नुसता गाल थरथरला. शूटिंगमधली माणसं फोटोसारखी उभी होती. इतकं सुंदर काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पळत जाऊन सगळ्यांना दाखवावं म्हणून मी उठलोसुद्धा.

मग आवाज ऐकू आला. डब्यात कोंडलेल्या डासासारखा बारीक, पण स्पष्ट. मागे वाफेचा फुसफुसाट वाढत होता आणि नामा ओठ न हलवता बोलत होता, "दादा, वाफ." थोड्या वेळाने पुन्हा, "दादा, जास्त होऊन राहिली." आणि मग माझा आवाज, कचेरीतल्यासारखा, "नामा, हलू नको म्हटलं ना." पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळत होते. चुलीवर चहा ठेवावा, उकळावा, गाळावा, पिऊन कप विसळावा, इतका वेळ ती तीन माणसं माझ्या शब्दासाठी खांबासारखी उभी होती.

मी खाली बसलो. कॅमेरा बंद केला. उद्या सांगू असं ठरवलं. उद्या आबा खुशीत होते, म्हणून परवावर टाकलं.

हळद वाळली, घासून झाली, वसमतच्या बाजारात गेली. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर उचलतो आणि त्या मुठीवरून सगळा माल तोलतो. त्याच्या मुठीत काळपट, सुरकुतलेली हळकुंडं आली. तो एवढंच म्हणाला, "पाटील, यंदा शिजवायला कोण बसलं होतं?" आबांना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

घरी आल्यावर ओट्यावर बसून आबांनी नामाला विचारलं, "कॉकवर तू होता ना?"

"व्हतो. फोटोला उभं केलं व्हतं दादानं, तेवढ्यात झालं."

"फोटोला काय येळ लागतो? पापणी लवती तेवढा." मग आबा माझ्याकडे वळले. "काहून साहेब, किती येळ लागला व्हता?"

कॅमेरा माझ्या खिशात होता. नामा माझ्याकडे पाहत होता, काळजीने नव्हे, निवांत, सुटल्यासारखा. त्याला खात्री होती.

मी म्हणालो, "लगेच झाला की."

हे दोन-तीन शब्द आहेत. ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नामाच्या तोंडावर राग आला नाही, हे जास्त वाईट झालं. त्याच्या तोंडावर शंका आली, आणि ती माझ्यावर नव्हती, स्वतःवर होती. किती वेळ उभा होतो हे त्याला तरी कुठं मोजता आलं होतं? दादा म्हणतो लगेच, म्हणजे लगेचच असेल. म्हणजे आपल्यालाच अंदाज आला नाही. ते त्याने मान्य करून टाकलं, आणि आबांनी कढई पुन्हा काढली. पुसेगावचे पाहुणे आले की आबा सांगायचे, नामाचा हात हळदीला नाही. चांगल्या मनाने सांगायचे, जसं एखाद्याला दम लागतो म्हणून सांगावं. शांता तर घरातल्या कोणत्याही गोष्टीत तो बोलला की म्हणायची, "तुमी काहून मधी पडता? हळद विसरले का?" आणि सगळे हसायचे. नामाही हसायचा. पुढे आबा गेले. नामाच्या मुलाने स्वतःचा कुकर घेतला. हळद शिजायची तेव्हा नामा लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहायचा, पाठमोरा.

आणि माय विचारायची, "साहेबा, तो फोटो आला का रे?"

"नाही माय. बिघडला तो कॅमेरा."

"दुरुस्त होतो का?"

"पाहतो."

दर खेपेला विचारायची. हट्ट नाही, तक्रार नाही, पाऊस येईल का असं विचारावं तसं. आबांबरोबर तिचा एकही फोटो नव्हता. तो वसमतचा आबांचा आणि माझा. आबा गेल्यावर तिने आणखी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं, आणि मग गेली.

तिच्या तेराव्यानंतर मी हिंगोलीला येऊन दार लावलं, सेल घातले आणि कॅमेरा उघडला. आवाज ऐकायचा नव्हता. त्या स्वस्त कॅमेऱ्यात आवाज कमी करायची सोयच नाही. म्हणून आवाजाच्या बारक्या छिद्रांवर मी अंगठा दाबून धरला. वाफ गप्प झाली, नामा गप्प झाला, मीही. उरली फक्त माय, गालावरची माशी न उडवता आबांशेजारी उभी असलेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे इतकं सोपं होतं. छिद्रांवर अंगठा ठेवून मी तिला हे कधीही दाखवू शकलो असतो. माझी लबाडीही झाकली गेली असती आणि तिला तिचा नवराही दिसला असता. भीतीने मला तेवढी अक्कलही ठेवली नव्हती.

पुसून टाकायची कळ त्या कॅमेऱ्याला होती, तिच्यावर कचऱ्याच्या टोपलीचं चित्र होतं. माझा अंगठा तिच्यावर जाऊन पुष्कळदा परत आला. पुसलं असतं तर मायही पुसली गेली असती. असं ते चित्र मला ठेवताही येत नव्हतं आणि टाकताही.

आता घरोघरी फोन आहेत. लेकरं नाचत नाचत शूटिंग करतात, कोणी हलू नको म्हणत नाही. मला ते आवडतं. पण कोणी न हलता उभं राहण्यात एक विश्वास असतो, तो मला त्या पडद्यावर दिसला होता. समोरचा माणूस वेळ झाली की मोकळं करेल, हा विश्वास. माझ्या घरातल्या तीन माणसांना मी बत्ती चमकेल म्हणून उभं केलं होतं. त्यांतली दोघं तशीच गेली.

तर यंदा बायकोने कॅमेरा हातात दिल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पेन्सिल सेल घेतले आणि एसटीत बसलो. नामा धुऱ्यावर होता, नेहमीसारखा कुकरकडे पाठ करून. आता त्याच्याही भुवया पांढऱ्या झाल्यात. म्हणाला, "ये दादा. उन्हाचं काहून आला?"

मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. या वेळी छिद्रं उघडी ठेवली.

त्याने डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "माय," एवढंच म्हणाला. मग वाफेचा आवाज आला, मग त्याचा स्वतःचा, मग माझा. तो पाहत राहिला, शेवटपर्यंत. संपल्यावर म्हणाला, "परत लाव." मी लावलं. दुसऱ्यांदा त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, कान लावून ऐकलं. किती वेळ चाललंय ते ऐकत होता.

"म्हणजे लगेच झाला न्हवता," तो म्हणाला.

"नाही."

"तुला कवापासून ठाऊक?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता शिवी देईल. मी तिची वाटच पाहत होतो. तो म्हणाला, "माझं सोड. माय इचारत व्हती ना तुला, दर बारीला? मीच तिला म्हणायचो, दादाला तकलीफ नको देऊ, बिघडला म्हणतो तर बिघडला असंल."

तो उठला, धोतर झटकलं आणि हाक मारली, "शांते, इकडं ये. पोराला पण बलाव. कामावरल्या समद्यांला." मग माझ्याकडे वळला. "तू सांग. नुसतं दाखवू नको. तोंडानं सांग."

मी सांगितलं. कुकरच्या बाजूला, पिवळ्या हातांच्या सगळ्या माणसांसमोर. एवढासा पडदा हातोहात फिरला. शांताने पदराने डोळ्यांवर सावली धरून पाहिलं. "अगं बाई, मामंजी," म्हणाली. मग आवाज ऐकू आल्यावर कॅमेरा खाली केला. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तर मग तवाच हलायचं ना. दादा काय खात व्हते का तुमाला?"

"फोटो बिघडला असता," नामा म्हणाला.

बाया हसल्या. तिलाही हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

आबांना सांगायचं राहिलं. मायला दाखवायचं राहिलं. वसमतचा तो व्यापारी, पुसेगावचे पाहुणे, नामाचा हात हळदीला नाही असं ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्या सगळ्यांना आता कुठून गाठू? म्हणून हे लिहिलं. हळद माझ्यामुळे गेली. नामाचा हात चांगला होता.

माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी तो धुऱ्यावर परत गेला नाही. कुकरजवळ गेला, मुलाला बाजूला सारलं आणि कॉकवर हात ठेवला. झाकणाच्या फटीतून वाफ पांढरी व्हायला लागली होती. उन्हात तो तसा उभा दिसला आणि माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.

त्याने पाहिलं. म्हणाला, "थांब दादा. आधी कॉक बंद करू दे."

मी थांबलो. त्याने कान वाफेकडे लावला, काडी घेतली, झाकण सरकवून टोचली, मान हलवली आणि कॉक फिरवला. मग हात पुसले, हनुवटी वर केली, श्वास रोखला आणि सरळ उभा राहिला.

मी चकती बघून घेतली आणि कळ दाबली. बत्ती चमकली. फोटो लगेच झाला.